खात्यात आलेले सगळे पैसे तुमचे नसतात: स्वतःचं काम सुरू करणाऱ्यांसाठी टॅक्स आणि हिशेब, पायरी पायरीने

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं की पहिल्या वर्षी एक गंमत होते, पैसे पूर्णच्या पूर्ण हातात येतात. पगार कसा, टॅक्स कापूनच यायचा, त्यामुळे टॅक्स नावाची वस्तू आपण कधी स्वतःच्या हाताने दिलेलीच नसते. ही पगारातून कापून घ्यायची आजची पद्धत अमेरिकेत १९४३ ला आणि ब्रिटनमध्ये १९४४ ला बसली, दुसरं महायुद्ध चालू होतं, सरकारला पैसा लवकर आणि दर महिन्याला हवा होता. नोकरदाराला तेव्हापासून टॅक्स दिसायचाच बंद झाला म्हणा ना. आणि मग तोच माणूस धंद्यात उतरतो तेव्हा खात्यातला आकडा बघून त्याला वाटतं अरे वा, हे सगळं आपलं.

मी हेच केलं. डिझाईनची कामं घ्यायला लागलो, वर्षभर जे आलं ते खर्च केलं, नवीन कॉम्प्युटर घेतला, थोडं घरात गेलं, थोडं असंच कुठेतरी गेलं, आणि रिटर्न भरायच्या वेळी जो आकडा निघाला तेवढे पैसे खात्यात नव्हतेच. मित्राकडून उसने घेऊन टॅक्स भरला. फसवलं कोणी नव्हतं, चूक पूर्ण माझी. म्हणून हे सगळं नवीन लोकांसाठी लिहून ठेवतोय, ज्या क्रमाने करायला हवं त्या क्रमाने.

एक आधीच सांगतो, टॅक्सचे दर, तारखा, मर्यादा प्रत्येक देशाच्या वेगळ्या आणि त्या बदलतात पण, त्यामुळे तुमचा नेमका आकडा तुमच्या कर खात्याच्या साईटवरूनच घ्या. इथे मी हिशेब कसा चालतो ते सांगतोय. उदाहरणातले आकडे सोपे पडावेत म्हणून घेतलेत.

पायरी १: खाती वेगळी करा

तीन खाती लागतात. एक धंद्याचं, ज्यात गिऱ्हाइकाचे पैसे येतात आणि ज्यातून धंद्याचे खर्च जातात. दुसरं फक्त टॅक्सचं. तिसरं आपलं घरचं. टॅक्सच्या खात्याला कार्ड घेऊच नका, फोनमध्ये त्याचं ॲप पण नको, जितकं काढायला अवघड तितकं चांगलं.

एकट्याचा धंदा असेल तर बऱ्याच देशांत वेगळं खातं कायद्याने सक्तीचं नसतं आणि म्हणूनच लोक टाळतात. पण एकाच खात्यात किराणा, मुलांची फी, मालाचे पैसे आणि गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स असं सगळं आलं की वर्षाच्या शेवटी हजारभर ओळी समोर घेऊन बसायचं आणि आठवायचं की हे चौदाशे कशाचे होते. नाही आठवत. मी प्रयत्न केलाय.

कंपनी काढली असेल तर मग हा विषय चॉईसचा राहतच नाही, कारण कायद्याच्या नजरेत कंपनी म्हणजे वेगळी व्यक्ती आहे. शंभर टक्के शेअर तुमचे असले तरी तिच्या गल्ल्यातला पैसा तुमचा नाही, तो पगार म्हणून घ्या, लाभांश (शेअरवर मिळणारा नफ्याचा वाटा) म्हणून घ्या किंवा कर्ज म्हणून नोंदवा, पण नुसता उचलता येत नाही आणि उचलला तर पुढे त्याच्यावर टॅक्सचे वेगळेच प्रश्न उभे राहतात.

पायरी २: पैसा आला की त्याच दिवशी वाटणी

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. गिऱ्हाइकाचे पैसे जमा झाले की त्याच दिवशी, उद्या नाही, टॅक्सचा वाटा दुसऱ्या खात्यात सरकवायचा.

किती सरकवायचा हे सगळेच विचारतात. धंद्याचं एक वर्ष झालं असेल तर सोपं आहे, गेल्या वर्षी सगळा मिळून जितका टॅक्स भरला त्याला एकूण आलेल्या पैशाने भागा. समजा ८ लाख आले आणि टॅक्स १ लाख २० हजार बसला, म्हणजे १५ टक्के. यंदा धंदा वाढतोय असं दिसत असेल तर १८ धरा, कारण कमाई वाढली की तिचा वाढलेला भाग वरच्या स्लॅबमध्ये, म्हणजे जास्त दराच्या टप्प्यात जातो आणि एकूण टक्का पण वाढतो.

पहिलंच वर्ष असेल तर वर्षभरात नफा किती होईल त्याचा अंदाज काढा, त्यावर तुमच्या देशाचे दर लावा आणि एक गोष्ट विसरू नका, बऱ्याच देशांत इन्कम टॅक्सशिवाय सामाजिक सुरक्षेची, म्हणजे पेन्शन, आजारपण अशा सरकारी योजनांसाठीची वर्गणी असते. नोकरीत असताना तिचा काही भाग मालक भरत असतो, स्वतःचं काम असलं की दोन्ही बाजू आपल्याच गळ्यात. अमेरिकेत स्वतःचा धंदा करणाऱ्याला ही वर्गणी १५.३ टक्के पडते आणि ती इन्कम टॅक्सच्या वर वेगळी. नवीन माणूस बरोब्बर इथेच आपटतो, स्लॅब बघून टॅक्स कमी वाटतो आणि मग हा दुसरा आकडा येतो.

आता एक बारीक पण महत्त्वाचं. हे टक्के सगळ्या धंद्यांना एकसारखे लावू नका. माझ्यासारखा डिझाईन करणारा, शिकवणारा, सल्ला देणारा, याच्या बिलातला बराचसा पैसा नफाच असतो. पण जो माल आणून विकतो त्याला शंभराच्या विक्रीत जर आठच सुटत असतील आणि त्याने कुठेतरी वाचून विक्रीच्या २५ टक्के बाजूला काढायला सुरुवात केली तर महिन्याभरात दुकान बंद पडेल. अशा धंद्यात आधी मालाचे पैसे वजा करा आणि जे उरेल त्याचा वाटा काढा.

काही गिऱ्हाइकं, विशेषतः कंपन्या, पैसे देतानाच थोडा टॅक्स कापून देतात. तो तुमच्याच नावावर सरकारकडे जमा होत असतो, त्यामुळे बाजूला काढायच्या रकमेतून तो वजा करा, पण कापल्याचा दाखला मागून घ्या आणि जपून ठेवा. दाखला नसेल तर वर्षाच्या शेवटी तो टॅक्स तुम्ही भरलाय हे सिद्ध करत बसावं लागतं.

पायरी ३: नोंद, रोजची दहा मिनिटं

सॉफ्टवेअर कुठलं घेऊ हा प्रश्न नवीन लोकांचा पहिला असतो आणि माझ्या मते तो पहिल्या वर्षी गैरलागू आहे. वही चालेल, एक्सेल शीट चालेल. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका गणिती फ्रान्सिस्कन साधूचं पुस्तक छापलं गेलं, त्यात तिथल्या व्यापाऱ्यांची हिशेबाची रीत मांडलेली आहे आणि तीन वह्या सांगितल्यात, एक कच्ची, जिच्यात दिवसभरात जे घडेल ते तसंच लिहायचं, मग त्यावरून रोजकीर्द, म्हणजे तारखेप्रमाणे नीट लावलेली नोंद, आणि त्यावरून खतावणी, म्हणजे प्रत्येक खात्याचा वेगळा हिशेब. आजची महागडी सॉफ्टवेअरं आतून हेच करतात. फरक इतकाच की दुसरी आणि तिसरी वही ती आपोआप भरतात. पहिली मात्र आजही आपल्यालाच भरायची असते आणि नेमकी तीच राहून जाते.

तर कच्च्या नोंदीत काय हवं: तारीख, कोणाकडून आले किंवा कोणाला दिले, किती, कशासाठी, आणि रोख की बँकेतून. बस. "कशासाठी" हा रकाना भरायचा कंटाळा येतो पण सहा महिन्यांनी तोच कामाला येतो. नुसतं "जेवण" लिहू नका, कोणत्या गिऱ्हाइकासोबत, कोणत्या कामासाठी ते लिहा.

पावत्यांचे फोटो काढा, लगेच. दुकानातल्या मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत पावत्या थर्मल कागदाच्या असतात, त्यात शाईच नसते, उष्णतेने अक्षर उमटतं आणि काही महिन्यांत उडून पण जातं. माझ्याकडे पहिल्या वर्षीची एक आख्खी फाईल आहे कोऱ्या कागदांची, खूप नीट लावलेली.

आठवड्यातून एकदा बँकेचं स्टेटमेंट आणि आपली नोंद जुळवा. महिन्याच्या शेवटी करू म्हटलं की होत नाही. जुळलं नाही तर फरक शोधा, किती का छोटा असेना, कारण पाचशेचा फरक कधी कधी पाच हजार जास्त आणि साडेचार हजार कमी अशा दोन चुकांचा असतो.

कागद किती वर्षं ठेवायचे? देशागणिक वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात साधारण ५ वर्षं, कॅनडात ६, न्यूझीलंडमध्ये ७, अमेरिकेत साध्या प्रकरणात ३ पण उत्पन्न बरंच कमी दाखवलं असेल तर ६. मी स्वतः सात वर्षांच्या आत काही फेकत नाही आणि घर, मशीन, शेअर अशा गोष्टींचे खरेदीचे कागद तर त्या विकून झाल्यावरही काही वर्षं ठेवायचे, कारण विकताना फायदा किती झाला हे खरेदीच्या किमतीवरच ठरतं.

पायरी ४: बिल आणि उधारी

बिलावर नंबर हवा आणि तो क्रमाने हवा, मधला नंबर गाळू नका, एकच नंबर दोनदा वापरू नका. तारीख, दोघांची नावं-पत्ते, काय काम किंवा किती माल, रक्कम, विक्रीवरचा टॅक्स असेल तर तो वेगळ्या ओळीत, आणि पैसे कधीपर्यंत द्यायचे ती तारीख. "लवकरात लवकर" असं लिहू नका, त्याचा अर्थ देणारा आपल्या सोयीने लावतो. बिल चुकलं तर ते डिलीट करून परत तेच बनवू नका, क्रेडिट नोट (आधीचं बिल रद्द किंवा कमी केल्याचा कागद) काढा आणि नवीन बिल करा, म्हणजे मागे माग राहतो.

आणि बिल काम झाल्या दिवशी पाठवा. लोक काम वेळेत देतात आणि बिल तीन आठवड्यांनी पाठवतात, मग म्हणतात पैसे उशिरा येतात.

उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात ते उगाच नाही. मोठं काम असेल तर आधी काही रक्कम घ्या, मधे काही, शेवटी उरलेली. नवीन गिऱ्हाइक असेल तर ॲडव्हान्सशिवाय सुरूच करू नका, ज्याला द्यायचे असतात तो देतो आणि ज्याला नसतात तो इथेच कळतो, म्हणजे कामाआधी कळतो. उशिरा पैसे देणाऱ्यांविरुद्ध कायदे पण आहेत. युरोपियन युनियनमध्ये धंद्या-धंद्यातल्या व्यवहारात दोघांनी वेगळं ठरवलं नसेल तर ३० दिवसांनंतर व्याज लागू होतं, भारतात २००६ च्या कायद्याने नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. तुमच्या देशात काय आहे ते बघून बिलाच्या खाली एका ओळीत छापून टाका. कोर्टात जायची वेळ सहसा येत नाही, ती ओळ वाचूनच बरेच जण हलतात.

पायरी ५: कोणता खर्च धंद्याचा

टॅक्स लागतो तो नफ्यावर, म्हणजे आलेल्यातून धंद्याचा खर्च वजा करून. त्यामुळे खर्च सोडला तर विनाकारण जास्त टॅक्स आणि नको तो खर्च घुसवला तर पुढे नोटीस. मी एकच प्रश्न विचारतो, धंदा नसता तर हा खर्च केला असता का? कच्चा माल, जागेचं भाडं, कामाचं सॉफ्टवेअर, हे केलेच नसते, धंद्याचे. रोजचे कपडे, घरचं जेवण, हे केलेच असते, घरचे. मीटिंगला घालतो म्हणून नवीन शर्ट धंद्याचा होत नाही, हे मला पण वाईट वाटलं होतं.

मधले येतात ते खर्च म्हणजे फोन, गाडी, इंटरनेट, घरातली काम करायची खोली. यात वाटा काढावा लागतो आणि तो कसा काढला ते लिहून ठेवावं लागतं. घर ८० चौरस मीटरचं, त्यातली १० ची खोली फक्त कामाची, म्हणजे साडेबारा टक्के भाडं आणि वीज धंद्याची म्हणता येईल, नियम परवानगी देत असतील तिथे. गाडीला कामाचे किलोमीटर लिहा. अंदाजे अर्धं-अर्धं हे उत्तर कोणाला पटत नाही, आणि शंभर टक्के धंद्याची असं म्हणालात तर त्याहून नाही.

मोठी वस्तू, मशीन, कॉम्प्युटर, गाडी, ही घेतली त्या वर्षी पूर्ण खर्च म्हणून धरता येईलच असं नाही. तिची किंमत तिच्या आयुष्यावर पसरवतात, त्याला घसारा म्हणतात. सरळ पद्धतीत ५० हजाराचं मशीन पाच वर्षं चालणार असेल तर दर वर्षी १० हजार. म्हणजे पैसे आज ५० हजार गेले पण टॅक्समध्ये यंदा १० हजारच दिसले, हे आधी माहीत नसलं की वर्षअखेरीस धक्का बसतो. काही देश छोट्या धंद्यांना पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी धरू देतात, ते विचारून घ्या, खरेदीच्या आधी.

आता दोन गैरसमज, दोन्ही सुशिक्षित लोकांत पण आहेत.

एक, "जास्त कमावलं तर वरच्या स्लॅबमध्ये जाईन आणि सगळ्यावर जास्त टॅक्स लागेल". तसं नसतं. समजा पहिल्या १ लाखावर शून्य, पुढच्या १ लाखावर १० टक्के, त्यावर २० टक्के. २ लाख कमावणाऱ्याचा टॅक्स १० हजार. २ लाख १० हजार कमावणाऱ्याचा १२ हजार. वरच्या १० हजारावरच २० टक्के लागले, खालच्या पैशाला कोणी हात लावला नाही, आणि त्याच्या हातात आठ हजार जास्तच आले. अपवाद एकच, काही सवलती अशा असतात की ठराविक उत्पन्नाच्या वर गेलं की पूर्ण बंद होतात, तिथे कडेला असाल तर हिशेब करून बघा. एरवी स्लॅबच्या भीतीने वर्षअखेरीस काम नाकारणारे लोक मी पाहिलेत, ते फक्त स्वतःचं नुकसान करतात.

दोन, "टॅक्स वाचवायला खर्च करतोय". १० हजाराचा खर्च दाखवला आणि तुमचा वरचा दर २० टक्के असेल तर टॅक्स वाचला २ हजार, आणि खिशातून गेले ८ हजार. ती वस्तू लागणारच होती तर उत्तम, यंदा घ्या. लागणार नव्हती तर दोन हजार वाचवायला आठ हजार घालवले. वजावट आणि टॅक्स क्रेडिट यातला फरकही इथेच समजून घ्या, वजावट उत्पन्नातून कमी होते, क्रेडिट थेट टॅक्समधून. १० हजाराची वजावट वर म्हटलं तसं २ हजार वाचवते, १० हजाराचं क्रेडिट १० हजारच वाचवतं. म्हणून सवलतींची यादी वाचताना आधी क्रेडिट शोधा.

पायरी ६: विक्रीवरचा टॅक्स, हा तर अजिबातच तुमचा नाही

व्हॅट म्हणा, जीएसटी म्हणा, कल्पना एकच. फ्रान्समध्ये १९५४ ला मोरिस लोरे नावाच्या कर अधिकाऱ्याने ही पद्धत आणली आणि आज १७० हून जास्त देशांत ती आहे, मोठा अपवाद अमेरिकेचा, तिथे राज्यं आपापला सेल्स टॅक्स लावतात. चालतं असं: दर १० टक्के धरा. तुम्ही ६०० चा माल घेतला, वर ६० टॅक्स दिला. तो १,००० ला विकला, वर १०० टॅक्स घेतला. सरकारला द्यायचे १०० वजा ६०, म्हणजे ४०. तुम्ही वाढवलेली किंमत ४०० आणि त्याचे १० टक्के ४०, बरोबर बसतं.

या १०० मध्ये तुमचा एक पैसा नाही, तुम्ही सरकारचे वसुली कारकून आहात, बिनपगारी. पण पैसे येतात आपल्याच खात्यात आणि भरायची तारीख महिना किंवा तीन महिने लांब असते, तोवर ते मालात नाहीतर पगारात वापरले जातात. छोटे धंदे अडचणीत येतात ते बऱ्याचदा इथेच. पायरी २ सारखंच, आला की त्याच दिवशी बाजूला, आणि विक्री मोजताना नेहमी टॅक्स वगळून मोजा.

नोंदणी ठराविक विक्रीच्या वर गेलं की करावी लागते, बऱ्याच ठिकाणी ही मर्यादा गेल्या बारा महिन्यांच्या विक्रीवर मोजतात, आर्थिक वर्षावर नाही. त्यामुळे दर महिन्याला मागच्या बारा महिन्यांची बेरीज बघत जा. आणि नोंदणी झालेली नसेल तर बिलात हा टॅक्स लावायचाच नाही, तो गुन्हा ठरू शकतो.

पायरी ७: नफा आहे पण पैसे नाहीत

हे मला समजायला दोन वर्षं गेली. मोठं काम मिळालं, ५० हजाराचं, ३० हजाराचा खर्च आज, पैसे साठ दिवसांनी. कागदावर २० हजार नफा. पण या साठ दिवसांत भाडं आहे, हप्ते आहेत, घर आहे, आणि ३० हजार आधीच गेलेत. असे दोन चांगले ऑर्डर एकदम आले की धंदा जोरात चाललेला असताना गल्ला रिकामा होतो. माणूस बाहेरून अभिनंदन घेतोय आणि आतून उसने मागतोय.

उपाय साधा आहे, एक कागद घ्या आणि पुढचे तेरा आठवडे उभे मांडा. प्रत्येक आठवड्यात सुरुवातीला किती शिल्लक, किती येणार, किती जाणार, शेवटी किती. येणारे पैसे बिलावरच्या तारखेला न धरता तो गिऱ्हाईक खरं कधी देतो त्या हिशेबाने धरा. ज्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाते तो आठवडा आजच दिसला तर ॲडव्हान्स मागता येतो, मालाचे पैसे थोडे पुढे ढकलायला सांगता येतं, बँकेशी बोलता येतं. त्या आठवड्यात पोचल्यावर फक्त महाग कर्ज मिळतं.

पायरी ८: तारखा

आर्थिक वर्ष सगळीकडे एक नाही, भारतात १ एप्रिल ते ३१ मार्च, ब्रिटनमध्ये ६ एप्रिल ते ५ एप्रिल, ऑस्ट्रेलियात १ जुलै ते ३० जून, अमेरिकेत माणसांसाठी सरळ कॅलेंडरचं वर्ष. परदेशी गिऱ्हाइकं असतील तर त्यांचे कागद आणि तुमचे कागद वेगवेगळ्या वर्षात पडतात, गोंधळून जाऊ नका.

स्वतःचं काम करणाऱ्याला टॅक्स बहुतेक देशांत वर्षाच्या शेवटी एकदम भरून चालत नाही, चालू वर्षातच हप्ते द्यावे लागतात. भारतात १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. अमेरिकेत १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी आणि ३१ जुलै. आपल्याला लागू त्या तारखा फोनमध्ये टाका, आणि आठवण त्या दिवसाची न लावता दोन आठवडे आधीची लावा.

पैसे नसतील तरी रिटर्न वेळेवर भरा, हे परत वाचा. भरायला पैसे नाहीत म्हणून लोक रिटर्नच देत नाहीत आणि तोंड लपवतात. अमेरिकेत रिटर्न न देण्याचा दंड थकलेल्या टॅक्सच्या महिन्याला ५ टक्के आहे आणि रिटर्न देऊन पैसे थकवण्याचा महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे दहापट फरक. दुसरीकडे आकडे वेगळे असतील पण आधी कागद द्या आणि मग हप्ते बांधून मागा, बरेच कर विभाग देतात.

नोटीस आली तर

उघडा. मी माझी पहिली नोटीस दीड महिना ड्रॉवरमध्ये ठेवली होती, न उघडता, आणि रोज तिच्यामुळे जेवण जात नव्हतं. उघडली तर निघालं इतकंच की एका गिऱ्हाइकाने दिलेली रक्कम त्यांनी एका वर्षात दाखवली होती आणि मी पुढच्या. दोन कागद जोडले, विषय संपला. फक्त तोवर उत्तराची मुदत उलटून गेली होती म्हणून वर थोडा दंड.

नोटिशीत चार गोष्टी बघा, कोणत्या वर्षाची, किती रकमेची, नेमकं काय विचारलंय, आणि उत्तर कधीपर्यंत. विचारलं तेवढंच सांगा, लेखी सांगा, पोच ठेवा. आणि फोनवर किंवा मेसेजमध्ये "रिफंड मंजूर झालाय, इथे क्लिक करा" किंवा "आत्ता भरा नाहीतर अटक" असं काही आलं तर ते चोर आहेत, लिंक उघडू नका, कर खात्याची साईट स्वतः टाईप करून लॉगिन करा आणि तिथे काही आहे का ते बघा.

अकाउंटंट घ्यावा का

घ्यावा, पण नोंदी करायला नव्हे, त्या तुम्हीच करा. पिशवीभर पावत्या घेऊन गेलात तर त्याच्या वेळेचे पैसे तुम्ही पावत्या सरळ करण्यासाठी देता. जुळवलेला हिशेब नेलात तर तोच तास तुम्ही सल्ल्यासाठी वापरता. पहिल्या भेटीत विचारा की माझ्यासारखे धंदे किती बघता, फीमध्ये काय काय येतं, नोटीस आली तर उत्तर देणं त्यात आहे का, आणि एरवी प्रश्न विचारायला फोन केला तर वेगळे पैसे पडतात का. मोठी खरेदी, पहिला कामगार, पार्टनर घेणं, कंपनी काढणं, यातलं काहीही करायच्या आधी विचारा. झाल्यावर विचारलं तर तो फक्त लिहून घेऊ शकतो.

फी रिफंडच्या टक्क्यात मागणारा किंवा "तुमच्याकडे पावती नसली तरी बसवू" म्हणणारा दिसला की उठा. बनवलं कोणीही असो, रिटर्नची जबाबदारी तुमची, आणि विचारायला येणारा माणूस त्याच्याकडे जाणार नाही. आणि पासवर्ड देऊन मोकळं होऊ नका, सही करण्यापूर्वी निदान तीन आकडे स्वतः बघा, एकूण विक्री, नफा आणि टॅक्स, ते तुमच्या वहीशी जुळतात का.

आणि शेवटी तुमचा पगार

टॅक्स काढला, मालाचे दिले, उरलं ते आपलं असं समजून महिन्यातून सतरा वेळा उचलू नका. एक आकडा ठरवा आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तो घरच्या खात्यात पाठवा. आकडा चांगल्या महिन्यावरून काढू नका, गेल्या बारा महिन्यांतल्या सगळ्यात वाईट तीन महिन्यांच्या सरासरीवरून काढा, तेवढं तर मिळतंच. चांगल्या महिन्याचं वरचं धंद्याच्या खात्यातच राहू द्या, दोन-तीन महिन्यांचा ठरलेला खर्च निघेल इतकं साचेपर्यंत. घरच्या बाजूला पण तीन ते सहा महिन्यांचा खर्च वेगळा हवा, कारण धंदा आणि घर एकदम अडचणीत येतात, एक आजारपण दोन्ही थांबवतं.

कार्डाचं कर्ज असेल तर ते आधी, गुंतवणूक नंतर. त्या पाचोलीच्या पुस्तकातच ७२ चा नियम पण आहे, ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते साधारण निघतं. ८ टक्क्यांनी तुमची बचत ९ वर्षांत दुप्पट होते आणि ३६ टक्क्यांचं कार्डाचं देणं दोन वर्षांत, त्यापेक्षाही थोडं आधी नाहीतर नंतर, पण दोन्ही एकदम चालू ठेवून कोण जिंकणार ते दिसतंच.

मग निवृत्तीचं. नोकरीत ते कोणीतरी कापून घ्यायचं, आता कोणी कापत नाही, आणि बऱ्याच देशांत त्यासाठी भरलेल्या पैशाला वजावट मिळते. पगाराच्याच तारखेला एक छोटी रक्कम आपोआप तिकडे जाईल असं लावून टाका. माझी सुरुवात इतकी छोटी होती की बँकेतल्या माणसाने दोनदा विचारलं, नक्की एवढीच का.